सुमे, तुलाच सांगते

प्रिय सुमे,

फोन केला असता पण आमच्याकडे भिंतींना नाहीत तर सासूबाईंना कान आहेत, आणि माझं व्हॉट्सॅप ह्यांच्या लॅपटॉपवर उघडंच असतं. म्हणून हा मेल. आईचा गुडघा बरा आहे, चालतेय. बेळगावात पाऊस थांबायचं नाव नाही, टिळकवाडीचे रस्ते तुला माहीतच आहेत.

तर मागच्या वर्षी जे झालं त्यानंतर आता परत चान्स घ्यायचा म्हणून डॉक्टरनी रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्या, त्यात टॉर्च पण होती, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधतील अशा इन्फेक्शनची एकत्र टेस्ट. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. काउंटरवरच्या पोराने पाकीट फोडलं, वर बघितलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने, "हर्पिस टू पॉझिटिव्ह बंदैत्री मॅडम, डॉक्टरना दाखवा." हर्पिस टू म्हणजे तो खालच्या जागेचा, संबंधातून लागणारा. मागे शुगरची चिठ्ठी घेऊन एक काकू उभ्या होत्या, त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं, मग तोंडाकडे. त्या पोराला कुणी शिकवत नाही का गं असल्या गोष्टी हळू बोलायच्या? रिक्षात बसून कागद उघडला. सगळ्या ओळी साध्या, तेवढी एकच जाड ठशात.

आणि सुमे, मला काहीच होत नाही. फोड नाही, आग नाही, खाज नाही, आठवून आठवून डोकं दुखलं तरी कधी काही झालेलं आठवत नाही. आधी वाटलं वडगावच्या काकूंना झालेली ती नागीण, पण ती वेगळी, ती कांजिण्यांच्या व्हायरसची. डॉक्टर म्हणाल्या पहिला आकडा जरा कमी आहे, असे कमी आकडे कधी कधी खोटे निघतात, दुसऱ्या पद्धतीने परत करू. परत केली, पॉझिटिव्हच. मग त्यांनी नीट बसवून सांगितलं, की हा व्हायरस कमरेखालच्या मणक्याजवळ नसांच्या गाठीत जाऊन बसतो आणि तिथून जात नाही, पण बहुतेकांना तो आहे हे जन्मात कळत नाही. जगात १५ ते ४९ वयाच्या ५२ कोटी लोकांना आहे म्हणे, शंभरात १३. आजी ओठावर ताप मुतला म्हणायची ना, तो याचाच भाऊ, एक नंबरचा, तो तर याहून कितीतरी जास्त लोकांना असतो, आणि त्याची कुणाला लाज वाटते?

मी तर पहिले काही दिवस टॉवेल वेगळा ठेवला, उकळत्या पाण्यात घालून वाळत टाकायची. सासूबाई विचारायला लागल्या ऊत आलाय का गॅसला. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या टॉवेलने, भांड्याने, संडासाने हा लागत नाही, कातडीला कातडी लागून लागतो, "काळजी माडब्याडरी." बाळाचं पण विचारलं. जुना असेल तर बाळाला धोका फार कमी, आई नवीन पकडते आणि तेही शेवटच्या महिन्यांत, तेव्हा खरी भीती. कळा येताना तिथं फोड असले तर सिझर करतात. ते ऐकून मला किती हलकं वाटलं ते तुला सांगता येत नाही.

पण एक गोष्ट खटकली ती अशी की काही नसताना पण तो मधूनच कातडीवर येतो, आणि तेव्हा दुसऱ्याला लागू शकतो. ज्यांना कधीच काही झालं नाही त्यांच्यात सुद्धा दहा दिवसांतून साधारण एक दिवस सापडतो, कुठला दिवस ते कळत नाही. म्हणजे ह्यांना सांगायलाच हवं. सांगणार आहे, त्यात आता दोन मतं नाहीत.

फक्त पहिला प्रश्न काय येणार तो मला तोंडपाठ आहे. कुणाकडून? आणि सुमे, ते कुठलीच टेस्ट सांगत नाही. कधी आला ते नाही, कुणाकडून आला ते नाही, शरीरात आहे एवढंच. धारवाडच्या त्याच्याकडून असेल. किंवा ह्यांच्याचकडून असेल, त्यांनाही कळलं नसेल, लग्नाआधी ते पुण्यात होते, मी कधी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण रिपोर्ट माझ्या नावावर निघाला कारण टॉर्च बाईचीच करतात! ह्यांचं रक्त कुणी मागितलंच नाही. याचा मला इतका राग येतो की रात्री झोप लागत नाही. दोघांत राहणारा आजार आणि सापडली कोण, जिला सुई टोचली ती.

आता तू काय बोलशील ते मला इथं ऐकू येतंय, दांडेलीच्या ट्रीपला जाऊ नको म्हटलं होतं. तर ते म्हणू नकोस. त्या ट्रीपवरून तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस, मेसमध्ये माझ्यासमोरून ताट उचलून जायचीस, ते मला अजून पटलेलं नाही. तो वाईट नव्हता गं. ती दोन वर्षं मी सुखात होते आणि एका कागदासाठी ती मी पुसून टाकणार नाही. (माझा कुंद्याचा डबा मात्र तूच संपवलास, उंदराचं नाव सांगून.)

हे तसे भले आहेत. उद्यमबागेतून दमून आले तरी माझं ऐकून घेतात. पण त्यांच्या आईसमोर गप्प होतात, आणि ही गोष्ट त्यांच्या आईपर्यंत गेली तर या घरात मी आयुष्यभर आरोपी. म्हणून आधी तेच सांगणार, हे आपल्या दोघांत राहील. रविवारी खानापूरला शेतावर जायचंय, गाडीत दोघंच असू, तेव्हा बोलते. डॉक्टरनी दोघांना एकत्र बोलावलंय, त्यांचंही रक्त घेतील. त्यांना नसेल तर मला रोज गोळी, त्याने त्यांना लागायची शक्यता साधारण निम्मी होते, आणि कंडोम, आणि चान्स कसा घ्यायचा ते डॉक्टरना विचारून. त्यांनाही असेल तर एकमेकांना देण्या-घेण्याचा प्रश्नच संपला.

तुझ्या बदलीचं काय झालं? सोलापूर की रद्द? बाळ्याचे दात आले का, फोटो पाठव. भावजींना नमस्कार, पण यातलं अक्षर सांगू नकोस, शपथ आहे.

सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत, साडेअकराला फोन कर. काय झालं ते कुणाला तरी मोठ्याने सांगायला लागणार मला. आणि तू गप्प बसून ऐक, सल्ला नंतर दे.

तुझीच,
मनी