माडीवरच्या पलंगासाठी दोन गाद्या

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर गादीचा विषय निघाला की बाबा "आहे ती ठीक आहे" म्हणून पावसापाण्याकडे वळतात आणि आई "मला काय, कुठेही झोप लागते" असे म्हणून त्यांना साथ देते. म्हणून हे सगळे लिहून पाठवते आहे, कारण लिहिलेले बाबा दोनदा वाचतात. इथल्या दुकानांतून मी बऱ्याच गाद्यांवर आडवी होऊन पाहिले, विक्रेत्यांना नको इतके प्रश्न विचारले आणि शेवटी माझे मत असे झाले आहे की, आपण एक मोठी गादी न घेता शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन गाद्या घ्याव्यात. आईच्या बाजूला मऊ हायब्रीड मेमरी फोमची आणि बाबांच्या बाजूला त्याच उंचीची, त्याच घडणीची, पण मध्यम कडक.

हायब्रीड म्हणजे काय, ते आधी सांगते. तिच्या पोटात स्प्रिंगा असतात, पण आपल्या जुन्या सोफ्यासारख्या एकमेकींना तारेने बांधलेल्या नव्हेत. प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली असते, त्यामुळे जिथे भार पडेल तिथलीच स्प्रिंग दबते आणि शेजारची बहुतांशी जागेवर राहते. या स्प्रिंगांवर साध्या फोमचा एक थर आणि त्याच्यावर दोन ते तीन इंच मेमरी फोम असतो. आठ इंची गादीत साधारण पाच इंच स्प्रिंग आणि उरलेला फोम, असा हिशेब मी पाहिलेल्या बहुतेक नमुन्यांत होता. वरचा थर अंगाला जागा देतो आणि खालच्या स्प्रिंगा अंगाचा भार पेलतात. ही दोन कामे वेगळी आहेत, हे ध्यानात आले की "मऊ गादीने पाठ वाकते" ही बाबांची भीती कुठे खरी आहे आणि कुठे नाही, ते कळते. कापसाच्या गादीत दोन्ही कामे एकाच कापसाला करावी लागतात, आणि म्हणूनच पिंजून घेतल्यावर ती काही महिने छान राहते व नंतर कमरेखाली खड्डा पडतो.

मेमरी फोमबद्दल प्रत्येक विक्रेता "नासाचे तंत्रज्ञान" असे आवर्जून सांगतो. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. १९६६ साली चार्ल्स योस्ट या अभियंत्याने नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी केलेल्या कामातून हा फोम निघाला आणि त्याचा हेतू विमानातल्या आसनांवर बसणाऱ्याला धक्का कमी बसावा, हा होता. अंगाच्या उबेने आणि भाराने तो हळूहळू मऊ पडतो, अंगाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि भार काढल्यावर सावकाश वर येतो, त्यामुळे दाब एका बिंदूवर न राहता पसरतो. रात्रभर झोपण्याच्या गाद्या त्याच्यापासून बऱ्याच वर्षांनी बनू लागल्या. गुण आणि दोष दोन्ही या उबेशी असलेल्या नात्यातून येतात, ते पुढे लिहिते.

आई, तू कायम डाव्या कुशीवर झोपतेस आणि सकाळी उठताना आधी खांदा चोळतेस. कुशीवर झोपणाऱ्याचा बहुतेक भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. गादी कडक असली की ही दोन्ही हाडे आत जाऊ शकत नाहीत आणि मधली कंबर अधांतरी राहते. तुझे वजन कमी असल्यामुळे, दुकानात जी गादी मला मध्यम वाटते ती तुला कडकच वाटेल, कारण हलक्या माणसाच्या भाराने वरचा थर पुरेसा दबतच नाही. म्हणून मऊ गादी तुझ्यासाठी चैन नव्हे. तू कुशीवर झोपलीस की मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ पलंगाशी समांतर दिसली पाहिजे, हे बाबांनी मागे उभे राहून पाहायचे आहे आणि "ठीक आहे" यापेक्षा अधिक शब्दांत मला कळवायचे आहे.

बाबा, आता तुमच्याविषयी. पाठीला कडक बिछाना चांगला, हे तुम्ही आजोबांपासून ऐकत आलात आणि एके काळी डॉक्टरही तसेच सांगत. २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरेचे जुनाट दुखणे असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली, आणि कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नाही. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे अंथरुणातले आणि उठतानाचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले. तुम्ही लगेच विचाराल की मग मऊ गादीचे काय. त्या प्रयोगात मऊ गादी नव्हतीच, म्हणून त्याच्या आधारे तुम्हालाही मऊच घ्या असे मी म्हणणार नाही. तुम्ही उताणे झोपता, वजनाने आईच्या दीडपट आहात आणि मऊ थरात तुमची कंबर छातीपेक्षा खाली जाईल. त्यासाठी मध्यम कडक. दुकानाच्या पाटीवर 'ऑर्थोपेडिक' असे लिहिलेले असले तरी त्यावरून गादी किती कडक आहे हे कळत नाही, तेव्हा त्या शब्दावर भुलू नका. उताणे झोपून कंबरेखाली हात घालून पाहणे अधिक खात्रीचे आहे. हात आरपार मोकळा गेला तर गादी फार कडक, मुळीच शिरला नाही तर फार मऊ.

एकाच गादीवर दोघांचे जमणार नाही, हे यावरून दिसतेच. शिवाय बाबा रात्री उठतात तेव्हा आईची झोप मोडते, ती पुन्हा लागत नाही आणि पहाटे चारला ती चहाचे आधण ठेवते, हे मला माहीत नाही असे समजू नका. पिशवीतल्या स्प्रिंगा आणि मेमरी फोम यांमुळे हालचाल कमी पोचते, आणि गाद्याच वेगळ्या असल्या की जवळजवळ पोचतच नाही. दोन गाद्यांमधली फट जाणवू नये म्हणून दोन्हींवर मिळून एकच जाड सुती पलंगपोस घालता येईल.

मऊ गादीची एक अडचण मात्र आईने नीट समजून घ्यावी. मेमरी फोमचा थर फार जाड असला तर कूस बदलणे चिखलातून पाय काढण्यासारखे होते, आणि वयानुसार हाताचा जोर कमी झाला की ते अधिक जाणवते. म्हणून मी संपूर्ण फोमची गादी बाद केली आणि हायब्रीडमध्येही मेमरी फोमचा थर तीन इंचांच्या वर नको असे ठरवले, कारण खालच्या स्प्रिंगा वळताना उलट रेटा देतात. दुसरी गोष्ट कडेची. पहाटे उठताना माणूस कडेवर बसतो, तळवे टेकवतो आणि मग उभा राहतो. कड ढिली असेल तर तो पुढे घसरतो. काही गाद्यांना चहूबाजूंनी कडक फोमची चौकट असते किंवा कडेच्या स्प्रिंगा जाड तारेच्या असतात. मी दुकानात कडेवर बसून, उठून, पुन्हा बसून पाहिले, तेव्हा विक्रेत्याला वाटले की मी खुर्ची शोधायला आले आहे.

खरी अडचण उंचीची आहे आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. आजोबांच्या सागवानी पलंगाच्या फळ्या जमिनीपासून सोळा इंचांवर आहेत आणि त्यावर दबलेली कापसाची गादी तीनेक इंच भरते. तिथे आठ इंची गादी आली की बसायची जागा चोवीस इंचांवर जाईल, आईचे पाय लोंबकळतील आणि रात्री अंधारात तिला उडी मारून उतरावे लागेल. या वयात पडणे किती महागात जाते ते मी लिहायला नको. सहा इंची हायब्रीड घेतली तर स्प्रिंगा आखूड होतात आणि आपण ज्यासाठी पैसे मोजतो तेच कमी पडते. पलंगाचे पाय कापायला बाबा तयार होणार नाहीत, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. त्यावर मला सुचलेला उपाय असा की, पलंगाच्या बाजूच्या उभ्या फळ्यांना आतून ज्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत आणि ज्यांवर आडव्या फळ्या टेकतात, त्या पट्ट्या सुताराकडून चार इंच खाली बसवून घ्यायच्या. फळ्या बारा इंचांवर येतील, गादी अर्धी चौकटीच्या आत बसेल, बसायची उंची विसाच्या आसपास राहील आणि पलंगाला बाहेरून ओरखडाही उमटणार नाही. पूर्वीच्या पट्ट्यांची भोके तशीच राहतील, म्हणजे पुढेमागे कोणाला कापसाच्या गादीवर झोपावेसे वाटले तर त्या पुन्हा वर घेता येतील. फक्त एक पाहावे लागेल. बाजूच्या फळीची वरची कड गादीच्या माथ्यापेक्षा बरीच खाली राहिली पाहिजे, नाहीतर बसल्यावर ती मांडीला रुतेल.

आडव्या फळ्यांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त अंतर असू नये, एवढे सुताराला सांगा. तो कदाचित सबंध प्लायवूड टाकायला सुचवेल, पण चिपळूणच्या पावसाळ्यात गादीच्या बुडाला हवा लागली नाही तर बुरशी धरायला वेळ लागणार नाही. फटी हव्यातच.

हवेवरून आठवले. मेमरी फोम अंगाची ऊब धरून ठेवतो, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो सगळ्यात जास्त खटकेल. संपूर्ण फोमच्या गादीपेक्षा हायब्रीड इथे बरी, कारण स्प्रिंगांच्या थरातून हवा खेळते. 'जेल'चा थर टेकल्या टेकल्या थंड लागतो खरा, पण थोड्या वेळात तोही अंगाइतकाच गरम होतो, म्हणून त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत असे मी ठरवले आहे. उलट थंडीच्या रात्री हाच फोम सुरुवातीला जरा ताठ लागेल आणि अंग टेकल्यावर काही मिनिटांनी सैलावेल. तेव्हा आईने पहिल्याच दिवशी "कडक आहे गं" असा फोन करू नये.

टिकण्याच्या बाबतीत एकच आकडा मी धरून बसले. मेमरी फोमची घनता दर घनमीटरला पन्नास किलोच्या आसपास असावी. दुकानात याला 'पन्नास डेन्सिटी' म्हणतात आणि ती सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घन फोमही मऊ असू शकतो, तो फक्त लवकर बसत नाही.

मापाचे जरा जपून. ७८ बाय ३६ इंच हे तयार माप आहे आणि तयार मापाच्या गाद्या घरी वापरून पाहायला अनेक कंपन्या शंभर रात्रींची मुदत देतात. सांगून बनवून घेतलेल्या मापाची गादी मात्र बहुधा परत घेत नाहीत. पलंग आतून एखादा इंच मोठा निघाला तर तयार मापच घेऊन कडेला लाकडी पट्टी भरू, कारण परत करण्याची सोय मला जास्त मोलाची वाटते. डाग पडलेली गादीही परत जात नाही आणि तिची हमीही राहत नाही, म्हणून पाणी न झिरपणारी पण वरून सुती असलेली खोळ पहिल्याच दिवशी चढवायची आणि बाबांनी अंथरुणात बसून चहा घेणे निदान ती मुदत संपेपर्यंत थांबवायचे.

२०२१ च्या पुरानंतर तुम्ही निजायची खोली माडीवर नेलीत, ते उत्तम झाले. फोमच्या गादीत गढूळ पाणी शिरले तर ती कापसासारखी पिंजून वाळवता येत नाही, टाकूनच द्यावी लागते. पण आपला जिना अरुंद आहे आणि मध्येच वळतो. दोन गाद्या घेण्याचे हेही एक कारण आहे, कारण त्या गुंडाळलेल्या खोक्यांतून येतात आणि एकेक खोके दोन माणसे सहज वर नेतील. खोके माडीवर नेल्यावरच फोडायचे, एकदा फुललेली गादी पुन्हा गुंडाळता येत नाही. पहिले एक-दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून ती फुलू द्या, नव्या फोमचा वास जाईल. सवयीने गच्चीत उन्हात मात्र टाकू नका, उन्हाने फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. ती उलटायचीही नसते, मेमरी फोम एकाच बाजूला असतो. डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची असते, ते मी आले की करीन. तुम्ही दोघांनी उचलाउचल करायची नाही.

आई, तुझी सावरीच्या कापसाची उंच उशी या गादीवर चालणार नाही. खांदा आत गेला की मान तितकीच खाली येते, त्यामुळे उशीही पातळ लागते. त्यातला थोडा कापूस काढून ठेव आणि नव्या गादीवर झोपून पाहत पाहत कमी-जास्त कर.

बाबा किंमत विचारतील. ती मी सांगणार नाही आणि पैसे परत पाठवलेत तर मी ते पुन्हा पाठवीन. जुन्या गाद्या देऊन टाकू नका. पिंजाऱ्याकडून पिंजून, नवी खोळ घालून खालच्या खोलीत ठेवल्या तर गणपतीत येणाऱ्यांना उपयोगी पडतील.

आता तुमच्याकडून मला तीन मापे हवी आहेत. पलंगाची आतली लांबी आणि रुंदी, दोन्ही टोकांना वेगवेगळी मोजून. बाजूच्या उभ्या फळीची उंची. आणि आई खुर्चीत बसली असताना तिच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर. बाबांनी ती टेपने घ्यावीत, वितीने नव्हे, आणि फोनवर सांगण्याऐवजी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवावा. मापे आली की मी मागणी नोंदवते आणि गाद्या पोचायच्या आधी सुताराचे काम उरकेल अशा बेताने तारीख ठरवते.

कळावे, आशीर्वाद असावेत.

तुमची लेक