अभ्यासाच्या वेळेची आखणी

मा. संपादक,

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की कोकणातील घराघरांत मुलांना तासन्तास पुस्तकापुढे बसवले जाते आणि मूल जागचे उठले की अभ्यास बुडाला, अशी समजूत आजही कायम आहे. इटलीतील फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील टायमर लावून जी ‘पोमोडोरो’ पद्धत बसवली, तीत २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी असते. मध्येच दुसरे काही सुचले, तर ते कागदावर टिपून पुन्हा कामाला लागायचे, हा मला त्यातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. विश्रांतीत मात्र मोबाइल नको (तो पाच मिनिटांत खाली ठेवणारा माझ्या तरी पाहण्यात नाही). त्यापेक्षा अंगणात फेरी मारावी. निबंध २५ मिनिटांत अर्धवट तुटत असेल, तर कामाची फेरी लांबवावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शाळांनी आपल्या रात्र अभ्यासिकांच्या वेळापत्रकात अशा फेऱ्या आखून पाहाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, राजापूर