गळका पंप परत न देणारे मिस्त्री

महोदय,
आमच्या गावचे फवारणी पंपांचे मिस्त्री नुकतेच वारले. तरुणपणी ते कबड्डीत कोपरा सांभाळत. घोट्याला त्यांची पकड बसली की चढाईवाला मध्यरेषेला टेकत नसे. तीच पकड पुढे पान्यावर आली.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून गळका पंप त्यांनी कुणालाच परत नेऊ दिला नाही. 16 लिटरच्या टाकीत आधी साधे पाणी भरायचे, दाब द्यायचा आणि पाठीकडची बाजू हाताने चाचपायची. गळती बहुधा झाकणाच्या वायसरातून, नाहीतर नळीच्या क्लिपजवळून. औषधाने रबर फुगते, मग तडकते. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही, हे तर ते दटावूनच सांगत. तारही घालायची नाही: भोक मोठे झाले की थेंब जाड पडतो, औषध जास्त जाते. पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासायचे.

मजुराच्या पंपाचे पैसे घेत नसत. घरी गेल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय नातीला उचलत नसत.

यंदा कपाशीवर फवारणी सुरू होण्याआधी गावोगावी अशी पंप तपासणी व्हावी, ही विनंती.

— समस्त गावकरी, जि. यवतमाळ