अर्धवट आहे तोवरच बघायला या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, दिवाळीच्या आगेमागे कुणातरी हौशी माणसाने घरात उभारलेल्या छोट्या रेल्वेची बातमी फोटोसकट छापून येते. मी ती कापून वहीत चिकटवते. फोटोत सगळं जागच्या जागी असतं. बोगदा, पूल, फलाटावरचे दिवे, वळणावर आलेली गाडी. त्यामागे किती रात्री गेल्या असतील ते मला कळतं, कारण गेली आठ वर्षं मीही हेच करते आहे. आणि म्हणूनच सांगावंसं वाटतं, की आमचं काम पूर्ण व्हायची वाट बघू नका. अर्धवट आहे तोवर बघायला या. रेल्वेत नोकरी केलेली जुनी माणसं तुमच्या वाचकांत असतील, त्यांना तर हाताला धरून आणा.

मी सोलापूरला राहते. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग काढली, आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर. माझे वडील बार्शी लाईटला पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधा बदलायचा, कंदील दाखवायचा, हे त्यांचं काम. तरुण वाचकांसाठी सांगते, बार्शी लाईट म्हणजे आपली अडीच फुटी रेल्वे, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर. १८९७ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पसारा होता. आता ते सगळे मार्ग रुंद झाले आहेत. गाड्या जोरात जातात, लोकांची सोय झाली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती छोटी गाडी कशी चालायची हे हाताने करून बघावं, असं निवृत्त झाल्यावर मनाने घेतलं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी फूटपट्टी घेऊन गेले, आणि परत आल्यावर पहिला रूळ विकत घेतला.

माझं मॉडेल बार्शी लाईटवरच्या मोडनिंब स्टेशनाचं आहे, १:८७ या प्रमाणात. या प्रमाणात आपली अडीच फुटी लाईन पावणेनऊ मिलिमीटरची होते आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो, त्यामुळे तेवढं नशीब चांगलं. माणसं मात्र मिळत नाहीत. मिळतात ती कोट-टोपीतली युरोपियन. माझ्या फलाटावर आषाढीचे वारकरी हवेत. तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा करायचा, त्यावर एम-सील चढवायचं, ओलं असतानाच सुईने धोतराच्या चुण्या काढायच्या. उभा माणूस अठरा मिलिमीटरचा होतो. डोक्यावर तुळस घेतलेली बाई करायला मला नऊ दिवस लागले, कारण वृंदावन सारखं एका बाजूला कलत होतं. तिचा एक हात वर उचलून वृंदावनाला लावला तेव्हा ती नीट उभी राहिली. खऱ्या बायकाही तसाच हात लावतात, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

आम्ही नऊ जण आहोत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसतो. प्रत्येकाने महिनाभरात जे केलं असेल ते आणायचं, जुन्या चादरीत गुंडाळून, मोडलेलं असेल तर मोडलेलंच. चहा, कडक भाकरी, शेंगांची चटणी. एक दातांचे डॉक्टर आहेत, ते सिग्नलचे हात बनवतात. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आहे, तो थ्रीडी प्रिंटरवर डबे काढतो. पुण्याहून एक जण येतात, त्यांनी बोरघाट घेतला आहे. घाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे मॉडेलमध्ये रूळ दहा सेंटिमीटर वर न्यायचा तर तीन मीटर सत्तर सेंटिमीटर लांबी हवी, आणि त्यांची खोली दहा फुटांची. शेवटी त्यांनी घाट भिंतींच्या कडेने खोलीभर फिरवला. कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला इंजिनं लागतात तशी त्यांनीही लावली, तर वळणावर मधल्याच वाघिणी रुळावरून उतरायला लागल्या. मागून रेटा, पुढून ओढ आणि मध्ये प्लास्टिकचा हलका डबा. हे त्यांनी आम्हाला गाडी चालवून दाखवलं आणि अर्ध्या तासात उपायही निघाला. प्रत्येक वाघिणीच्या तळाशी लोखंडी वायसर चिकटवले. पुढच्या महिन्यात गाडी वर गेली.

माझंही तसंच. एका महिन्यात मी सांध्याभोवती खडी भरली. खडी म्हणजे फरशी कापणाऱ्याकडचा चुरा, दोन चाळण्यांतून गाळलेला. तो ब्रशने रुळांमध्ये पसरायचा, पाण्याचा हलका फवारा मारायचा, मग निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, असं मिश्रण सिरिंजने थेंब थेंब सोडायचं. साबणामुळे ते आत झिरपतं, नाहीतर वरच गोळे होऊन बसतात. रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी सांधा हलेना. गोंद थेट सांध्याच्या सरकत्या पात्यांखाली गेला होता. मी तो तसाच रविवारी घेऊन गेले. डॉक्टरांनी आपल्या आकड्याने गोंद खरवडून काढला आणि म्हणाले, खडी भरण्याआधी पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, गोंद धरणार नाही. तेव्हापासून एकही सांधा अडकलेला नाही. मॉडेल पुरं करून, काचेच्या पेटीत ठेवून मग दाखवलं असतं तर हे मला कोण सांगणार होतं?

मागे एका प्रदर्शनात जागा मिळेल का म्हणून विचारायला गेले होते. मोबाईलवर फोटो दाखवले. तिथले गृहस्थ म्हणाले, "पूर्ण झालं की आणा, असं उघडं लाकूड लोकांना काय दाखवायचं?" माणूस वाईट नव्हता, पण मला ते लागलं. ज्या कॅलथ्रॉप साहेबाने बार्शी लाईट आखली त्याने काय केलं होतं? एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळावरही भरपूर माल जाईल, असा त्याचा हिशोब होता. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा गाड्या हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकले आणि जाणकारांना बोलावून त्यांच्यासमोर डबे-वाघिणी चालवून दाखवल्या. रेल्वे उभी राहण्याआधी त्याने ती लोकांच्या नजरेखालून घातली. याच कॅलथ्रॉपने तिकडे लीक आणि मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी रेल्वेही केली, आपल्या बार्शीच्या अनुभवावर. जेमतेम तेरा किलोमीटरची, १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. तीस वर्षांची कारकीर्द. तरी तिथले हौशी लोक आजही तिची इंजिनं आणि स्टेशनं बनवतात. आपली त्याच्या कितीतरी पट लांब आणि शंभर वर्षं चालली. आणि माझ्याकडे मोडनिंबच्या फलाटाची उंची नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. त्या विद्यार्थ्याचे आजोबा बार्शी लाईटला गार्ड होते. पंच्याऐंशीच्या घरात आहेत. पावसाळ्यातल्या एका रविवारी नातू त्यांना घेऊन आला. खुर्ची माझ्या फळीपाशी ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सांधा बदलायच्या दांड्याशी बोट नेऊन म्हणाले, "ताई, हा दांडा टाकणारा माणूस उभा कुठे राहणार?"

मी दांड्याच्या चारी बाजूंनी खडी भरली होती. छान दिसत होती.

"खडीवर पाय निसटतो," ते म्हणाले. "एका हातात कंदील, दुसऱ्या हाताने दांडा ओढायचा, वरून पाऊस. तिथे जागा सपाट करून एखादा दगड नाहीतर फरशीचा तुकडा टाकलेला असायचा. पॉइंट्समन लोक स्वतःच आणून टाकायचे."

मी लहान असताना आमच्या घरचा पाटा दुभंगला होता. त्याचा एक तुकडा वडिलांनी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून नेला. आईने विचारलं तर म्हणाले, कामाला येईल. तो कुठे गेला हे मी कधी विचारलं नाही. तीन वर्षं त्या सांध्यावर काम करत होते, एकेक स्लीपर मोजून बसवत होते, आणि माझे वडील जिथे रात्र रात्र उभे राहिले ती जागाच मी खडीने बुजवून टाकली होती. खडीचा गोंद पुरता वाळलेला नव्हता. त्याच दिवशी, सगळ्यांच्या समोर, ओल्या ब्रशने मी ती उकरून काढली. काका शेजारी बसून सांगत होते, अजून थोडी, अजून थोडी, हां, बास.

संपादक साहेब, अशी माणसं आता थोडी राहिली आहेत. कुणी वायफळ बडबड समजून त्यांचं ऐकत नाही आणि आपल्याला ठाऊक आहे ते कुणाच्या कामाचं असेल असं त्यांनाही वाटत नाही. मी नुसतं "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं असतं तर काका दोन वाक्यं बोलून गप्प बसले असते. समोर चुकीचा दांडा दिसला म्हणून ते बोलले. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यात तुमचा अंक जातो. तिकडे बार्शी लाईटवर काम केलेले गार्ड, फायरमन, पॉइंट्समन, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधले फिटर किंवा त्यांची मुलं असतील तर त्यांनी ट्रंकेतले फोटो, जुनी वेळापत्रकं, नियमांची पुस्तकं बाहेर काढावीत, रद्दीत देऊ नयेत. आणि जमेल तेव्हा आमच्या सतरंजीवर येऊन बसावं. मला डब्याच्या दाराची रुंदी हवी आहे. पाण्याच्या टाकीचे पाय लाकडी होते की लोखंडी, हे हवं आहे. डब्यांचा रंग आमच्यापैकी दोघांना दोन वेगळे आठवतात. आणि आपल्या वार्ताहराला पाठवायचं असेल तर दिवाळीची वाट बघू नका, कुठल्याही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाठवा.

पाट्याचा उरलेला तुकडा आईने शेवटपर्यंत मोरीत ठेवला होता. त्याची एक कपची काढून मी पाच मिलिमीटरची घासून घेतली आहे. अजून चिकटवलेली नाही. दांड्याच्या कुठल्या अंगाला बसवायची, ते गार्डकाका येत्या रविवारी येऊन सांगणार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, सोलापूर