कावीळ उतरत नव्हती, मंत्री महोदय

मा. मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

परवा आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. एकच ओळ : ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ अर्ज मी मागच्या वर्षीच्या आषाढात दिला होता. तेव्हा माझे वडील, आमचे आण्णा, जिवंत होते. पत्र आलं, त्याच्या आठ दिवस आधी आम्ही त्यांचं वर्षश्राद्ध घातलं.

आमच्या तालुक्यातल्या आरोग्य शिबिरात आपण माईकवरून शब्द दिला होता. सहा महिन्यांत जिल्ह्याला पित्तनलिकेपर्यंत जाणारी दुर्बीण देतो, ती चालवणारा डॉक्टर देतो. माझा अर्ज त्याचसाठी होता. मंडपात आण्णा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आजार तेव्हा त्यांना माहीत नव्हता.

मृगाच्या पेरणीत त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. दुखत काहीच नव्हतं. लघवी काळ्या चहासारखी, शौच शाडूच्या मातीसारखं पांढुरकं. गावानं कावीळ म्हटलं. कुणी गळ्यात माळ घातली, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन दिले. उसाचा रस झाला, फुटाणे झाले. गावाला मी दोष देत नाही. सरकारी दवाखान्यातही सव्वा महिना कावीळच होती. सलाईन आणि गोळ्या. शौचाचा रंग कोणता, हे त्या सव्वा महिन्यात एकानंही विचारलं नाही.

यकृतात तयार झालेलं पित्त उजवीकडून आणि डावीकडून दोन नळ्यांनी येतं आणि यकृताच्या दारात त्या नळ्या एक होतात. त्या तिठ्यावर आण्णांची गाठ होती, पित्तनलिकेच्या कर्करोगाची. क्लाटस्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ साली या जागेच्या गाठींचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव तिला पडलं. नळी मुळात काही मिलिमीटरची. गाठ छोटी असली तरी वाट बंद. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून शौचाचा रंग जातो, आणि तोच रंग रक्तातून लघवीत येतो. सोबत अंगभर खाज. आण्णा रात्र-रात्र दाणे काढलेल्या कणसानं पाठ खाजवायचे. आईच्या लुगड्यानं रक्त टिपलं जायचं. हे मला शिकायला तो माणूस जावा लागला. तुमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चार ओळींत लिहिलं असतं, तर सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात झाली असती. नळ्या फुगल्यात हे सोनोग्राफीतही दिसतं.

पुढचं ऐका. या कर्करोगात पेशी विरळ असतात आणि भोवती तंतूंचं दाट जाळं. नळीत ब्रश फिरवून नमुना घेतला तरी पुष्कळदा पेशी हाती लागत नाहीत. आण्णांचा पहिला रिपोर्ट आला, ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ आम्ही गल्लीत पेढे वाटले. पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कर्करोग नाही असं होत नाही, हे आम्हाला सांगायला कुणाला वेळ नव्हता. तोवर तो मज्जातंतूंच्या कडेकडेनं पसरत होता.

मग स्टेंट, म्हणजे तुंबलेली वाट उघडी ठेवायला आत बसवलेली बारीक नळी. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो. आण्णांचा सहाव्या आठवड्यात तुंबला. हुडहुडी भरून ताप, रात्री दोन वाजता भाड्याची जीप, जिल्ह्यात दुर्बीण नाही म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात, तिथे डॉक्टर रजेवर म्हणून तिसऱ्या. पित्तात जंतू झाले होते. रस्त्यात ते मला म्हणाले, “पोरी, गाडी माघारी घे.” मी घेतली नाही. घ्यायला हवी होती का, हे मी रोज स्वतःला विचारते. या प्रश्नाचं ओझं तुमच्यावर पण आहे, साहेब.

त्यांना हा रोग झाला का? ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या नदीच्या माशातून यकृतात कृमी जातो, वर्षानुवर्षं नळ्यांना सूज राहते, त्यातून हा कर्करोग होतो. तिथे तो खेड्याखेड्यात आहे. आण्णा माळकरी. मासा त्यांनी कधी तोंडात घातला नाही. बहुतेक रोग्यांत कारण सापडतच नाही म्हणतात. पण शोधायला आधी मोजावं लागतं. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, आमच्या मराठवाड्यातले परांडा आणि भूम तिच्यात आले. मग जमतं की! आमच्या वाडीवर आण्णांचं नाव लिहून घ्यायला कुणी फिरकलं नाही. आमची माणसं मोजायच्या लायकीची नाहीत का?

यकृताच्या आतल्या नळ्यांच्या कर्करोगात आता जनुकांची तपासणी करतात. एफजीएफआर-२ किंवा आयडीएच-१ या जनुकात बदल सापडला तर त्यावर नेमकी गोळी आहे. अमेरिकेत अशी पहिली २०२० साली मंजूर झाली. आमच्याकडे अजून चुन्याचं पाणी आहे.

दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तुम्ही झेंडा लावता. २०२३ मध्ये आख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरला आलं, हजारो कोटींचे आकडे वाचले गेले. आम्ही बिनशर्त महाराष्ट्रात आलो, हे प्रत्येक भाषणात असतं. बिनशर्त आलो म्हणून बिनइलाज मरायचं असं कुठल्या करारात लिहिलंय? पाण्यासाठी टँकर, कामासाठी ऊसतोड, आजारासाठी देवगिरी एक्सप्रेस आणि परळचा फुटपाथ. आरोग्य एका खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण दुसऱ्याकडे, आणि माझा अर्ज दोन्हींच्या मधे. नळी तुंबल्यासारखा.

शेजारच्या वस्तीवर एका बाईचे डोळे पिवळे झालेत. मी काल तिला शौचाचा रंग विचारला. पांढरा आहे म्हणाली. तिला घेऊन मी उद्या निघते आहे, पुन्हा तीन जिल्हे. दुर्बीण कोणत्या तारखेला येते तेवढं कळवा. हे पत्र कुणाकडे वर्ग करू नका.

आपली,
एका शेतकऱ्याची मुलगी
ता. जिंतूर, जि. परभणी