वॉर्साला शिकणाऱ्या लेकीस, शब्दांच्या वहीबद्दल

क्राकोव, 16 नोव्हेंबर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी ‘होतं गं असं’ एवढंच म्हणून फोन ठेवला. रात्री झोप लागेना. पंधरा वर्षं या देशात पोलिश माणसांना इंग्रजी शिकवते आहे, आणि पोटच्या मुलीला त्या क्षणी सांगण्यासारखं काही सुचलं नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो ते ठाऊक आहे. सावकाश वाच, घाई नाही.

तुझा इंग्रजी निबंध मी दोनदा वाचला. व्याकरणाची एकही चूक नाही. पण जिकडे तिकडे वाक्प्रचार. पहिल्याच परिच्छेदात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, मग ‘अ ब्लेसिंग इन डिसगाइज’, पुढे ‘द टिप ऑफ द आइसबर्ग’, आणि शेवटाला ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’. विषय होता शहरातली घरभाडी. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं की वाचताना दमायला होतं. तुला ते लागलं, मलाही लागलं. पण बाईंचं चुकलं नाही. गोडा मसाला चांगला म्हणून कुणी आमटीत डबा उपडा करत नाही.

याचं मूळ तुझ्या निळ्या वहीत आहे. उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा मी ती चाळली होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पोलिश, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. एका शब्दासमोर एकच शब्द. साधी भाषा शिकताना अशी वही चालते. ‘टेबल’समोर ‘स्तूव’ लिहिलं की काम भागतं. पण तू ज्या सी-टू, म्हणजे इंग्रजीच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या परीक्षेला बसते आहेस तिथे प्रश्न अर्थाचा उरलेला नसतो. तो शब्द कोणाशेजारी बसतो, कोणाच्या तोंडी शोभतो, हा प्रश्न असतो. म्हणून तर त्या पेपरात दिलेला शब्द जराही न बदलता, तीन ते आठ शब्दांत वाक्य फिरवून लिहायला सांगतात. रेघेच्या वहीतून ते यायचं नाही.

तू म्हणालीस, ‘आई, माझं डोकं पोलिशमध्ये चालतं, म्हणून माझं इंग्रजी असं होतं.’ खरं आहे. तीन वर्षांची होतीस तेव्हा तुला इथे आणलं. झोपेतही तू पोलिशच बोलायचीस. पण हे तू अपराध्यासारखं का सांगतेस? तुझ्या चुका कुठल्या दारातून आत येतात हे तुला आधीच माहीत आहे. त्या दाराशी उभं राहायचं.

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला एक हिशेब सांभाळणाऱ्या बाई येतात. त्यांनी लंडनच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, ‘इव्हेंच्युअली वी कॅन लोअर द प्राइस.’ त्यांच्या मनात होतं पोलिश ‘एव्हेंतुआल्निए’, म्हणजे अगदीच वेळ आली तर. इंग्रज माणसाने वाचलं की आज ना उद्या दर उतरणारच आहे, आणि तो थांबून राहिला. बाईंना साहेबांसमोर उभं राहावं लागलं. वर्गात हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मी फळ्यावर देवनागरीत दोन शब्द लिहिले, ‘जमल्यास’ आणि ‘अखेर’. वर्गात कुणालाच ते वाचता येत नव्हते, पण दोन शब्दांचे दोन वेगळे आकार सगळ्यांना दिसले. मग त्या बाईच म्हणाल्या, ‘अक्तुआल्निएचंही असंच.’ बरोबर होतं त्यांचं. ते ‘सध्या’ आहे आणि अ‍ॅक्च्युअली म्हणजे ‘खरं तर’. ‘ऑर्दिनार्नी’ माणूस शिवराळ असतो, ऑर्डिनरी माणूस साधासुधा. पोलिशमध्ये भाषणाला ‘पातेतिच्नी’ म्हटलं तर ते भारदस्त, आवेशाचं ठरतं. इंग्रजीत पथेटिक म्हटलं तर वक्त्याची कीव केल्यासारखं होतं. अशा जोड्यांना वहीत वेगळी पानं दे. बाकी काही नाही केलंस तरी एवढं कर.

आता वाक्प्रचारांकडे येते, कारण तुझी खरी आवड तीच आहे आणि ती मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. ‘मुश्तार्दा पो ओब्येजे’ घे. जेवण झाल्यावर आलेली मोहरी. लहानपणी तू हे शाळेतून शिकून आलीस आणि मी तुला ‘वरातीमागून घोडे’ सांगितलं, तेव्हा किती हसली होतीस! इंग्रजीतही घोडाच आहे. तो तबेल्यातून पळून गेलेला असतो आणि माणूस मागाहून दार लावत असतो. वरवर तिन्ही सारखे. पण नीट बघ. मोहरी आणि वरातीचे घोडे ही हवीशी वस्तू, ती उशिरा आली इतकंच. इंग्रजी तबेल्यात नुकसान होऊन गेलेलं आहे, आणि उशिरा आली ती सावधगिरी. पैसे चोरीला गेल्यावर बँकेने नियम कडक केले, तर तबेल्याचं दार. पण वाढदिवस उलटून गेल्यावर आलेल्या शुभेच्छांना ते दार लावलंस तर इंग्रज माणूस बुचकळ्यात पडेल. तिथे ‘टू लेट’ एवढं साधं म्हणणंच बरं.

लोण्याचंही तसंच. ‘बूव्का झ मास्वेम’, लोणी लावलेला पाव, म्हणजे आपल्या भाषेत हातचा मळ. इंग्रजीत त्यासाठी केक आहे, ‘अ पीस ऑफ केक’. आणि इंग्रजीतला ब्रेड अँड बटर म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. तुझ्या वहीत सतराव्या पानावर या दोघांची गल्लत झालेली आहे, मी बघितली आहे.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. ‘पुट अप विथ’, ‘गिव्ह इन’ असली जोडक्रियापदं तुला रानटी वाटतात, म्हणून तू सगळीकडे ‘टॉलरेट’, ‘कॅपिट्युलेट’ घालतेस. पोलिश माणसांना लॅटिन घराण्याचे शब्द जवळचे वाटतात, कारण ते त्यांच्याकडेही आहेत. तुझ्या निबंधाला सरकारी पत्रकाचा वास येतो तो यानेच. पण हे जोडकाम तुला परकं नाही गं. ‘दाच’ म्हणजे देणं. ‘ओद्दाच’ परत देणं, ‘रोझदाच’ वाटणं, ‘पोद्दाच शे’ शरण जाणं, आणि ‘झ्दाच’ म्हणजे परीक्षा पास होणं! पोलिश भाषा शब्दाच्या आधी तुकडा लावते, इंग्रजी मागे लावते. आपल्याकडे आजोबांनी तुला हार, आहार, विहार, प्रहार, संहार असं बोटांवर म्हणायला शिकवलं होतं, आठवतं? उपसर्ग लागला की धातू कुठल्या कुठे जातो, असं ते सांगायचे. इंग्रजीचे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ हे त्याच जातीचे, फक्त शेपटीला बसलेले. यादी पाठ करू नकोस. एकेक तुकडा घे आणि तो काय करतो ते दहा वाक्यांत बघ. ‘अप’ कितीदा तरी काम पुरं करतो. ड्रिंक अप, युज अप, टिडी अप. आपण ‘पिऊन टाक’, ‘संपवून टाक’ म्हणतो ना, त्यातल्या ‘टाक’सारखा.

शब्दांच्या शेजाऱ्यांबद्दलही लिहून ठेवत जा. पोलिशमध्ये चूक आणि गुन्हा यांना एकच क्रियापद, ‘पोपेव्निच’. म्हणून तू ‘कमिट अ मिस्टेक’ लिहितेस. इंग्रजीत कमिट गुन्ह्याला, चुकीला मेक. मराठीत तर चूक ‘होते’. शब्दाची जोडी एकत्रच उतरवायची, सुटा शब्द वहीत नको.

पाठ करण्याचं म्हणशील तर पोझनानच्या पिओत्र वोझ्निआकचं ऐक. विद्यार्थी असताना त्याला हीच अडचण होती, इंग्रजी शब्द डोक्यात राहत नव्हते. 1985 मध्ये त्याने कागदावर स्वतःवरच प्रयोग केले, कोणता शब्द किती दिवसांनी पुन्हा बघावा याचे. 1987 मध्ये त्याचा संगणक प्रोग्राम तयार झाला, सुपरमेमो. तुझ्या फोनवरचं अँकी, ते पत्त्यांवरून पाठांतर करून घेणारं अ‍ॅप, त्याच्याच जुन्या सूत्रावरून निघालं. पण त्याचं पहिलं सांगणं लोक विसरतात. जे समजलं नाही ते पाठ करू नये. तुझ्या अँकीत चौदाशे पत्ते आहेत म्हणालीस. त्यातला जो वाक्यासकट आठवत नाही तो काढून टाक. चारशे उरले तरी चालतील.

आणि रोजच्या बोलण्याला कमी लेखू नकोस. ‘हाऊ आर यू’ म्हटल्यावर तू खरोखर तब्येत सांगतेस, पोलिश रीतीप्रमाणे. ज्या बोलण्यात माहितीपेक्षा सोबत महत्त्वाची असते त्याला 1923 मध्ये नाव दिलं ते क्राकोवमध्येच जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्कींनी, आणि तेही इंग्रजीत लिहून. तोंडी परीक्षेतल्या पहिल्या दोन मिनिटांत ह्याच सोबतीच्या बोलण्याचा उपयोग होतो.

उच्चारांची चिंता तर सोडच. 1 तारखेला आपण राकोवित्स्की दफनभूमीत दिवे लावायला गेलो होतो, तेव्हा अपोलो कोझेनिओव्हस्कींच्या थडग्यापाशी थांबलो होतो. शेक्सपिअरचं नाटक पोलिशमध्ये आणणारा तो माणूस. त्यांचा मुलगा 1878 मध्ये विशीत इंग्लंडच्या किनाऱ्याला उतरला तेव्हा त्याला मोजके इंग्रजी शब्द येत होते. पुढे जोसेफ कॉनरॅड या नावाने त्याने इंग्रजीत लिहिलं ते जग वाचतं, आणि बोलण्यातला पोलिश हेल अखेरपर्यंत गेला नाही.

बुधवारी तुझ्या पाच्कोमातवर, त्या पार्सलच्या कपाटात, डबा टाकते. बेसनाचे लाडू आहेत, आणि मसाला वेगळ्या पुडीत बांधलाय, सांडू नकोस. निबंध पुन्हा लिहिलास की पाठव. चार पानं वाचूनही घरभाड्यांबद्दल तुझं स्वतःचं म्हणणं काय आहे ते मला कळलं नाही, आणि मला ते वाचायचंय.

तुझी,
आई