आरोग्यमंत्री साहेब, नायट्याबद्दल आता मोठ्याने बोला

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, विषय लाजेचा आहे, म्हणून तुम्हाला फारसं कोणी लिहीत नसेल, मी लिहिते. नायटा. गजकर्ण म्हणा हवं तर. डेंग्यूचे बोर्ड गावोगावी लागलेत, कोरडा दिवस पाळा, टाक्या झाका, शाळेतल्या पोरांनापण पाठ झालंय सगळं. पण जांघेत, काखेत, कमरेला खाज सुटली तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आमच्या आरोग्य केंद्राच्या एकाही भिंतीवर मला दिसलं नाही.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला ग्राउंड, पावसात भिजलेली ट्रॅक पँट तशीच अंगावर, एका खोलीत सहा पोरं, सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर, ते कधी धड वाळतच नाहीत, आणि टॉवेल ज्याच्या हाताला लागेल त्याचा. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे राहायला आला तर पाय फाकवून चालत होता. दोन दिवस काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, मावशी, खूप आग होतीये गं. बॅगेतून चार ट्यूब काढल्या, सगळ्या अर्ध्या पिळलेल्या, सगळ्या मेडिकलमधून नुसत्या तोंडी मागून आणलेल्या. लावली की दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, पोरगं खूश, मग आठ-दहा दिवसांनी परत आणि आधीपेक्षा मोठा चट्टा, म्हणून परत ट्यूब, असं सात महिने चाललेलं. भरतीला 1600 मीटर धावायचं असतं साहेब, याला आमचा जिना उतरवत नव्हता.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी चट्ट्याची कड ब्लेडने हळूच खरवडली, काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली बुरशी दिसली. चारही ट्यूब त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या, नावं वेगवेगळी पण प्रत्येकीत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड, क्लोबेटासोल नाहीतर बीटामेथासोन. स्टेरॉइड त्वचेची लढायची ताकदच दाबून टाकतं, म्हणून खाज आणि लाली जाते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी आत निवांत पसरत राहते. वर कातडी पातळ होते ती वेगळीच. बावीस वर्षांच्या पोराच्या मांडीला आतून लालसर भेगांसारखे पट्टे पडलेत, ते पूर्ण जाणार नाहीत म्हणाल्या. स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस त्रास उलट वाढला, तेव्हा तो परत ट्यूब शोधत होता, मी कचऱ्यात टाकलेली.

तोवर माझ्या परकराच्या नाडीखाली गोल चट्टा उठला होता, मग ह्यांनाही झालं. आमच्याकडे कितीतरी बायकांना नेमकं तिथंच होतं, नाडी घट्ट, घाम, चुलीपाशी उभं राहणं, आणि नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या घरातल्या ज्याला ज्याला झालंय त्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, नाहीतर एकाकडून दुसऱ्याला फिरत राहतं. टॉवेल, चादर, आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे करून वाळवायचे, अंघोळीनंतर जांघा, काखा कोरड्या करायच्या, मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी त्या सांगतील तोवर बंद करायचं नाही. आम्हाला दोन महिने लागले.

आणि हे आता पूर्वीसारखं साधं राहिलेलं नाहीये साहेब. टर्बिनाफिन नावाची गोळी आधी पटकन काम करायची, आता बऱ्याच जणांना लागू पडत नाही, बुरशीच बदललीये. तिच्या नावातच भारत आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, 2020 मध्ये ठेवलेलं, आणि 2023 ला न्यूयॉर्कमध्ये तिचे पेशंट सापडले.

2018 मध्ये केंद्राने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसं छापलंयही, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, ते कोण वाचणार? अन्न व औषध प्रशासन तुमच्या खात्यात येत नाही हे मला माहितीये, पण त्या मंत्र्यांशी तुम्ही बोलू शकता, मी नाही. मेडिकलवाल्यांशीही बोला, त्यातले बरेच जण गिऱ्हाईकाला आराम पडावा म्हणूनच देतात, पुढचं त्यांनाही कोणी नीट सांगितलेलं नसतं.

तुमच्या हातात जे आहे ते मात्र या पावसाळ्याच्या आत करा. आशाताईंना हे शिकवा, कारण बायका त्यांनाच सांगतील. आरोग्य केंद्रात गोळ्या पाच दिवसांच्या देऊ नका, पुरा कोर्स मिळू दे, दर आठवड्याला रोज बुडवून कोणी येत नाही. आणि एक बोर्ड, मोठ्या मराठी अक्षरात, एसटी स्टँडवर, होस्टेलमध्ये, भरतीच्या अकॅडमीत, पोरं जिथं कपडे बदलतात तिथं: नायट्यावर स्टेरॉइडची ट्यूब लावू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. खाली ट्यूबचा फोटो आणि त्यावर फुली.

भाच्याच्या खोलीतल्या बाकीच्या पाच पोरांपैकी तिघांना अजून आहे. त्यांना मी माझ्याच डॉक्टरबाईंकडे नेतीये येत्या रविवारी.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक मावशी